निवासी वस्तीत टेम्पो, टॅक्सी आणि बस उभी करण्याचे नियम: आधी जागा कोणाची ते पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बत्तीस सदनिकांच्या आपल्या सोसायटीबाहेर महापालिकेची गल्ली आहे आणि तिथे दोन मालवाहू टेम्पो व एक शाळेची बस रोज रात्री मुक्कामाला असतात. आवारात एक सभासद आपली पिवळ्या पाटीची टॅक्सी लावतात. कोपऱ्यावरच्या मोकळ्या भूखंडावर अलीकडे ट्रक उभे राहू लागले आहेत. निवासी भागात व्यावसायिक वाहन उभे करण्यास कायद्याने बंदी आहे, असे म्हणून ही सारी वाहने एकाच अर्जात हटवता येतील का, असे आपण विचारले आहे.

एका अर्जात ते होणार नाही, कारण महाराष्ट्रभर लागू असलेली अशी सरसकट बंदी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये नाही. गेली बावीस वर्षे मी गृहनिर्माण संस्थांची आणि महापालिकेशी संबंधित प्रकरणे पाहतो आहे, आणि या विषयावरचे बहुतेक अर्ज धूळ खात पडतात ते एकाच कारणाने: अर्जदार वाहनाच्या जातीवर बोट ठेवतो, तर कायदा आधी जागा कोणाची हे विचारतो आणि मग वाहन कसे उभे आहे हे पाहतो. आपल्या प्रश्नात सार्वजनिक रस्ता, खासगी भूखंड आणि सोसायटीचे आवार अशा तीन निरनिराळ्या जागा आहेत. तिन्हींचे कायदे वेगळे आहेत आणि दाद मागण्याची दारेही वेगळी आहेत.

व्यावसायिक वाहन म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करतो. कायद्यातला शब्द ‘परिवहन वाहन’ असा आहे. कलम २(४७) प्रमाणे त्यात भाड्याने प्रवासी नेणारे वाहन, मालवाहू वाहन, शैक्षणिक संस्थेची बस आणि खासगी सेवा वाहन येते. त्याची ओळख म्हणजे पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे. विजेवर चालणारे असेल तर हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरे. ही पाटी वाहन कशासाठी वापरायचे ते सांगते, कुठे उभे करायचे ते सांगत नाही. अनेक अर्जांत ‘सदर टेम्पोस परवाना नाही’ असे ठोकून दिलेले असते, पण मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू वाहनाला कलम ६६ मधील परवान्याची अटच लागू नाही, आणि ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो ते वाहन याच गटात बसते. असे एक चुकीचे वाक्य अर्जात आले, की बाकीच्या खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. उलट पांढऱ्या पाटीचे वाहन कोणी भाड्याने चालवत असेल, तर ती बाब प्रादेशिक परिवहन कार्यालयाची आहे. पार्किंगच्या तक्रारीत ती मिसळू नये.

आता रस्ता. सार्वजनिक रस्त्यावर रात्रभर वाहन ठेवण्याचा हक्क कायद्याने कोणालाच दिलेला नाही, आपल्या मोटारीलाही नाही आणि त्यांच्या टेम्पोलाही नाही. जिथे मनाई नाही आणि अडथळा होत नाही तिथे वाहन उभे राहते, इतकेच. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘आमच्या गेटसमोरची जागा आमची’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. फाटकातून ये-जा अडू नये, एवढाच आपला हक्क आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंची जागा सोसायटीसाठी राखीव नाही.

वाहन कसे उभे आहे याचा निकष कलम १२२ मध्ये आहे. सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवता येत नाही. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ ने याची ठिकाणेच सांगितली आहेत: पदपथ, पादचारी पट्टा, चौक आणि वळण, बसथांबा, दुसऱ्या उभ्या वाहनाला समांतर, एखाद्या मालमत्तेचे प्रवेशद्वार अडेल अशी जागा. यांपैकी काहीही घडत असेल तर ‘नो पार्किंग’ची पाटी नसली तरी नियमभंग होतोच. दंड मात्र फार मोठा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यापुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रस्ता अडवून लोकांना धोका किंवा अडथळा केला असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मोटार वाहन अधिनियमाच्याच कलम १२७ चा आधार अनेक जण घेतात, पण तो पुरता वाचत नाहीत. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस किंवा कोणीही सोबत नसताना सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकावर पडतो. रात्री नऊला लावलेला टेम्पो सकाळी सातला निघाला तर दहा तास जेमतेम भरतात, म्हणून रोज कामावर जाणाऱ्या वाहनाविरुद्ध हे कलम सहसा टिकत नाही. ताडपत्री टाकून पंधरा-पंधरा दिवस न हललेले, टायर बसलेले, खाली कचरा साचलेले वाहन असेल, तर मात्र याहून चांगले कलम नाही.

गल्लीपुरती कायमची मनाई हवी असेल तर मार्ग अधिसूचनेचा, म्हणजे अधिकृत यंत्रणेच्या जाहीर लेखी आदेशाचा आहे. कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी किंवा वेळेचे बंधन घालता येते, कलम ११६ खाली वाहतूक चिन्हे लावता येतात आणि कलम ११७ खाली स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने कुठे व किती वेळ उभी राहतील ते ठरवता येते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे आदेश वाहतूक शाखेचे उपायुक्त काढतात, इतरत्र सामान्यतः जिल्हा दंडाधिकारी. वर्तमानपत्रातल्या वाहतूक बदलाच्या सूचनेत ‘११५, ११६ (१) (अ) (ब) आणि ११७’ हे आकडे आपण पाहिले असतील. पुण्यात पुष्कळदा असा आदेश आधी तात्पुरता निघतो, नागरिकांकडून लेखी हरकती आणि सूचना मागवतात आणि मग तो कायम होतो. सम-विषम तारखेची पार्किंग, जड वाहनांना ठराविक वेळेत बंदी, शाळेच्या फाटकाजवळ नो पार्किंग हे सगळे याच वाटेने येते. म्हणून पहिले काम हे करा: आपल्या गल्लीबाबत आजवर अशी अधिसूचना निघाली आहे का, असल्यास तिची प्रत द्यावी, असा माहिती अधिकारात एक साधा अर्ज वाहतूक शाखेकडे द्या. कित्येकदा आदेश दहा वर्षांपूर्वी निघालेला असतो, फक्त पाटी पडून गेलेली असते. अशा वेळी पाटी पुन्हा लावून घेण्यापुरतेच काम उरते.

अधिसूचना नसेल तर ती मिळवण्यासाठी भावना नको, मापे हवीत. मी माझ्या अशिलांना मोजपट्टी घेऊन रात्री साडेदहाला रस्त्यावर उतरायला सांगतो. समजा, गल्लीचा डांबरी भाग सहा मीटर आहे. मोठी बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. नियमाने वाहनाच्या रुंदीची कमाल मर्यादा २.६ मीटर आहे. समोरच्या बाजूला पावणेदोन मीटरची मोटार उभी राहिली की मध्ये उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. तिथून रिक्षा जाईल, अग्निशमन बंब जाणार नाही. हाच हिशेब दीड मीटर रुंदीच्या छोट्या टेम्पोचा केला तर मध्ये पावणेतीन मीटर राहतात आणि बंब सावकाश का होईना, पुढे सरकतो. म्हणजे आपल्या गल्लीतली खरी अडचण दोन टेम्पो नसून बस आणि तिच्या समोर लागणारी आपल्याच रहिवाशांची मोटार ही असण्याची शक्यता आहे. हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर मागणीही बदलते: ‘टेम्पो हटवा’ याऐवजी ‘एका बाजूला पार्किंग बंद करा’ अशी. दुसरी मागणी वाहतूक शाखेला मान्य करणे सोपे जाते, कारण तिच्यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. अर्जासोबत रस्त्याचा साधा हाताने काढलेला नकाशा, वळणापासूनचे अंतर, तीन-चार निरनिराळ्या रात्रींची वेळेसह छायाचित्रे आणि वाहन क्रमांक जोडा. एकेका प्रसंगाची तक्रार महाट्रॅफिक ॲपवरूनही करता येते. पण चलानाने त्या दिवसापुरते काम होते, गल्लीची व्यवस्था बदलत नाही.

माल चढवण्या-उतरवण्यासाठी थांबलेल्या वाहनाला लोक याच मापाने मोजतात, ते चूक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १०२ चा आशय असा की चढ-उतार करण्यासाठी लागेल तेवढाच वेळ वाहन रस्त्यावर थांबावे, त्याहून जास्त थांबवून अडथळा करू नये. घरसामान उतरवणारा टेम्पो दोन तास थांबला तर तो बेकायदा ठरत नाही. याउलट, वाहन उभे करून त्यातूनच रोज भाजी किंवा खाद्यपदार्थ विकले जात असतील, तर तो पार्किंगचा विषय उरत नाही. ती पथविक्री झाली आणि तिला २०१४ चा पथविक्रेता कायदा लागतो. तिथे महापालिकेकडे जावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: रस्त्यावर स्वतःहून काही लावू नका. ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशा पाट्या, साखळ्या, दगड, कुंड्या, सिमेंट भरलेले डबे यांना सार्वजनिक रस्त्यावर कायद्याचा काडीचाही आधार नाही. अधिकृत यंत्रणेखेरीज कोणालाही रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने टेम्पोवाल्यांना वैतागून फाटकाबाहेर सिमेंटचे डबे ओळीने मांडले. महिनाभरात, रात्री अडीचच्या सुमारास, त्यांच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसाठी रुग्णवाहिका आली. तिला वळायला जागा मिळेना, म्हणून चार जणांनी अंधारात ते डबे लोटत बाजूला केले. आजोबा वाचले, पण ती दहा मिनिटे त्या घरातला कोणी विसरलेला नाही. पुढे टेम्पोचा विषय मागे पडला आणि अतिक्रमणाची नोटीस सोसायटीलाच आली.

शाळेच्या बसबाबत दुसरा, जास्त सरळ मार्ग आहे. महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. बसवर शाळेचे नाव असतेच. समितीला पत्र लिहा, वर सांगितलेली मापे जोडा आणि बस रात्री शाळेच्या मैदानात किंवा कंत्राटदाराच्या जागेत उभी करावी अशी विनंती करा. माझ्या अनुभवात हे पत्र पोलिसांतल्या तक्रारीपेक्षा लवकर काम करते, कारण शाळेला पालकांपुढे जायचे असते.

टेम्पोवाल्यांशीही एकदा समोरासमोर बोला. ते बहुधा आपल्याच गल्लीच्या टोकाला राहतात. गाडी घरासमोर लावण्यामागे बॅटरी आणि डिझेल चोरीला जाण्याची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. हप्ते चालू असलेल्या गाडीची बॅटरी गेली तर त्या माणसाचा आठवडा जातो. दिव्याखालची, सीसीटीव्हीच्या टप्प्यातली, पण वळणापासून दूर असलेली जागा आपण सुचवली, तर ती बहुतेक वेळा मान्य होते. पहाटे इंजिन तापवत ठेवणे आणि हॉर्न वाजवणे हा त्रास वेगळा सांगा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि या वेळेत तातडीच्या प्रसंगाखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. पांढऱ्या पाटीच्या गाड्यांनाही तीच मनाई आहे.

कोपऱ्यावरच्या भूखंडाचा प्रश्न वाहतूक पोलिसांकडे नेऊ नका. ते हात वर करतील आणि ते बरोबरच असेल. खासगी जागेवर मालकाच्या संमतीने वाहन उभे असेल तर तो वाहतुकीचा गुन्हा नाही. पण विकास आराखड्यात तो भूखंड निवासी विभागात असेल आणि परवानगीशिवाय त्याचा ट्रक अड्ड्यासारखा भाड्याने वापर होत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ खाली, आराखड्याशी विसंगत वापर म्हणून नियोजन प्राधिकरण कारवाई करू शकते. त्यासाठी नगररचना विभागातून त्या सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला, म्हणजे जागा आराखड्यात कोणत्या विभागात येते त्याचा दाखला काढा आणि तो जोडून तक्रार करा. भरलेले गॅस सिलिंडर किंवा ज्वलनशील रसायने असलेले वाहन तिथे मुक्कामाला दिसले, तर मात्र कागदाची वाट पाहू नका. ११२ वर कळवा आणि अग्निशमन दलालाही सांगा.

राहिले सोसायटीचे आवार, आणि खरे वाद इथेच पेटतात. आपल्या फाटकाच्या आत सर्वसामान्य जनतेला प्रवेशाचा हक्क नसल्याने ते मोटार वाहन अधिनियमाच्या अर्थाने सहसा ‘सार्वजनिक ठिकाण’ ठरत नाही, म्हणून तिथे पोलिसांचे टोइंग येत नाही. तिथे चालतात ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, आपले उपविधी (सोसायटीची स्वतःची नियमावली) आणि सर्वसाधारण सभेचे ठराव. पार्किंगचे धोरण ठरवण्याचा अधिकार सभेचा आहे, एकट्या समितीचा किंवा अध्यक्षांचा नाही. पंचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा सामाईक असल्याचे आणि बिल्डरला ती स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नसल्याचे स्पष्ट केले, तेव्हापासून ‘ही जागा मी विकत घेतली आहे’ हा युक्तिवाद स्टिल्टपुरता तरी दुबळा झाला आहे.

मग टॅक्सीला मनाई करता येईल का? केवळ पाटी पिवळी आहे म्हणून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आदर्श उपविधींमध्ये स्कूटर आणि मोटारसायकलच्या जोडीने ऑटोरिक्षाचाही उल्लेख आहे आणि समितीची परवानगी घेऊन, सभेने ठरवलेले शुल्क भरून ती आवारात लावण्याची सोय आहे. ज्या नियमावलीत रिक्षा बसते, तिथे सभासदाच्या स्वतःच्या टॅक्सीला हीन लेखण्याचे कारण मला दिसत नाही. ते सभासद आहेत, देखभाल शुल्क भरतात, आणि त्यांचे वाहन एका मोटारीइतकीच जागा घेते. महाराष्ट्राच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटरची जागा धरली आहे; टॅक्सी तर त्यात बसतेच, पण पावणेचार मीटर लांबीचा छोटा टेम्पोही बसतो. त्यामुळे ‘मावत नाही’ हे कारणही लहान वाहनांपुरते लटके पडते.

टिकणारी कारणे वेगळी आहेत, आणि ठराव त्यांवरच बांधावा. वाहन आखलेल्या चौकटीबाहेर येते का. उंच इमारतीभोवती बंबासाठी मोकळी ठेवायची सहा मीटरची वाट अडते का. आणि जमिनीखालच्या टाकीचा स्लॅब किंवा पोडियम (उंचावर बांधलेला चौथरा) ते वजन पेलतो का. या शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी सोसायट्या लक्ष देतात. एका जुन्या इमारतीत मी वाकून पाहिले तेव्हा पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून निघालेली तडे गेलेली रेघ थेट टेम्पोच्या मागच्या चाकापर्यंत गेलेली होती. वर टाइल्सची खोकी भरलेला टेम्पो रोज रात्री उभा राहायचा. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अहवाल घ्या आणि त्या आधारे वजनाची मर्यादा घाला. ती मर्यादा पाहुण्याच्या जड मोटारीलाही लागू ठेवा, म्हणजे कोणाला वेगळी वागणूक मिळाल्याचा आरोप उरत नाही. याउलट, एकच सभासद चार-पाच वाहने आणून पहाटे चालकांची हजेरी, धुलाई आणि दुरुस्ती आवारात करू लागला, तर ते पार्किंग राहत नाही; तो निवासी आवारातला धंदा होतो आणि तो थांबवण्याचा सोसायटीला पूर्ण अधिकार आहे.

ठराव झाल्यावरही कोणी ऐकले नाही, तर चाकाला कुलूप घालणे, हवा सोडणे किंवा फाटक अडवणे असले काही करू नका. त्यातून सोसायटीविरुद्धच फौजदारी तक्रार उभी राहते. आधी लेखी नोटीस द्या, मग उपविधींत असलेला दंड सभेच्या मंजुरीने लावा, आणि तरीही वाद मिटला नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा.

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत असते आणि तिच्यासाठी पूर्ण चौदा दिवस आधी सूचना द्यावी लागते. विषयपत्रिकेत ‘व्यावसायिक वाहनांवर बंदी’ असा विषय घेऊ नका. ‘आवारातील वाहनांची लांबी, रुंदी, वजन व अग्निशमन मार्ग याबाबत धोरण ठरवणे’ असा घ्या. सूचनेसोबत आवाराचा मापांसह नकाशा जोडा, आणि टॅक्सीमालक सभासदांना तिची प्रत हातात देऊन पोच घ्या, म्हणजे त्यांचे म्हणणे सभेतच नोंदले जाईल.